दम्याचा पंप आणि डोळे : सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव काय?

सुनंदा_साखरपेठ

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. परवा डोळ्याच्या दवाखान्यात माझ्याच वयाची एक बाई शेजारी बसली होती. तिच्याही पर्समध्ये पंप, आणि तिलाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. घरी येऊन म्हटलं, आता लिहायचंच.

मी ४४ वर्षांची. घरी ब्लाउज शिवते. दमा लग्नाआधीपासूनचा. सासर मागवाल्यांचं, खालच्या मजल्यावर टॉवेलचे चार माग चालायचे, त्यामुळे घरभर रुईची धूळ. १२ वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला. सकाळी दोन, रात्री दोन. त्या पंपानं मला माणसात आणलं हे सगळ्यात आधी सांगते. पूर्वी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मी होम मैदानाकडे फिरकू शकत नव्हते, थंडी आणि धूळ दोन्ही एकदम. आता यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाऊन तासभर उभी राहते.

गेल्या मे महिन्यात सुईत दोरा ओवता येईना. यात एक विचित्र गोष्ट होती. दुपारी खिडकीपाशी, लख्ख उजेडात बसले की सुईच्या नाकाभोवती धुकं. संध्याकाळी जरा अंधारून आलं की तेच नाकं नीट दिसायचं. घरात कुणाला पटेना. ‘उजेडात दिसत नाही आणि अंधारात दिसतं, असं कुठं असतं का’ म्हणून सगळे मलाच विचारायचे. मीही चाळिशी समजून चष्म्याच्या दुकानात गेले. चार महिन्यांत दोनदा नंबर बदलला. रात्री मुलाच्या गाडीवर मागे बसून सात रस्त्यावरून येताना समोरच्या गाड्यांचे दिवे इतके पसरायचे की मी डोळे मिटूनच घ्यायचे.

शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, मशीनमधून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘स्टिरॉइड घेता का?’ मी ‘नाही’ म्हटलं. खोटं बोलले नव्हते, मला खरंच माहीत नव्हतं. बोलता बोलता खोकला आला म्हणून पर्समधून पंप काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ‘अहो, हेच तर स्टिरॉइड आहे.’ बारा वर्षं मी रोज चार वेळा ते ओढत होते आणि मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यात जास्त. भिंगाच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध. डोळ्याचं प्रेशर १७ आणि १८, म्हणजे ठीक. डॉक्टरांनी हेही सांगितलं की सगळा दोष पंपावर टाकता येणार नाही, कारण दर हिवाळ्यात दमा उसळला की मी स्टिरॉइडच्या गोळ्यांचे कोर्सही घेतलेत आणि त्यांचा वाटा मोठा असू शकतो.

आता माझी चूक सांगते. भीतीनं मी पंप बंद केला. कुणाला न विचारता. नऊ दिवस काही झालं नाही, दहाव्या रात्री दोन वाजता जीव कासावीस झाला. बोलताना वाक्य पुरं होईना. मुलानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन, वाफ, आणि घरी सोडताना पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. ज्याच्या भीतीनं पंप सोडला, तेच कितीतरी जास्त प्रमाणात पोटात गेलं.

कुणी पंप घेणाऱ्यांनी डोळे तपासून घेतलेत का? काय निघालं? मोकळेपणानं सांगा.

मागवाला_अशोकचौक

अक्का, वाचून हाताला घाम आला. आमच्या वडलांना पंधरा वर्षं झाली पंप घेऊन. त्यांना पण उन्हात दिसत नाही म्हणतात, आम्ही म्हणतोय वय झालं. वय ६८. डोळे कधीच दाखवले नाहीत. या आठवड्यात नेतोच.

नेत्रतंत्रज्ञ_१४वर्षे

सुनंदाताई, तुम्ही सुईचं जे लिहिलंय ते आमच्याकडे पेशंट सांगतात तेव्हा आमचे कान टवकारतात. उजेडात बाहुली बारीक होते. भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध डाग असला तर बारीक झालेली बाहुली नेमकी त्या डागावरच येते आणि प्रकाशाला वाटच उरत नाही. अंधारात बाहुली मोठी होते, मग डागाच्या कडेनं दिसतं. नेहमीच्या म्हातारपणीच्या मोतीबिंदूत असं ठळकपणे होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, बाहेरचा उजेड पांढरा फटक असतो, त्यामुळे हा त्रास सोलापुरात लवकर जाणवतो. स्टिरॉइडशी सगळ्यात जास्त जोडला गेलेला मोतीबिंदू तो हाच. मधुमेहातही होतो, म्हणून साखरही तपासून घ्या.

पंप आणि मोतीबिंदू हा संबंध नवा नाही. ऑस्ट्रेलियात ब्लू माउंटन्स नावाच्या डोंगराळ भागातल्या ४९ वर्षांवरच्या ३,६५४ लोकांचे डोळे तपासले गेले. त्यातल्या ३७० जणांनी स्टिरॉइडचा पंप वापरल्याचं सांगितलं होतं आणि त्यांच्यात मोतीबिंदू जास्त आढळला. हे १९९७ साली छापून आलं. त्याच वर्षी कॅनडातल्या क्युबेकमधल्या वयस्कर लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं की मोठा डोस तीन महिने किंवा जास्त सलग घेणाऱ्यांमध्ये डोळ्याचं प्रेशर वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो. ‘मोठा डोस’ आणि ‘सलग’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. मोठ्या माणसाला ब्युडेसोनाइड (ताईंच्या पंपातलं स्टिरॉइड) दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम हा कमी डोस, ८००च्या वर मोठा. ताईंचा पंप २००चा, म्हणजे एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅमचा असेल तर दिवसाचे ८०० होतात, म्हणजे मध्यमची वरची कड.

मोतीबिंदूचं मला एवढं भय वाटत नाही. काढता येतो, भिंग बसवता येतं. काचबिंदूचं वाटतं. स्टिरॉइडमुळे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची जाळी तुंबते आणि प्रेशर चढतं. दुखत नाही, लाल होत नाही, मधलं दिसणं शेवटपर्यंत चांगलं राहतं. कडेची नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. नॉर्मल प्रेशर १० ते २१. घरात कुणाला काचबिंदू असेल, डोळ्याचा मायनस नंबर मोठा असेल किंवा मधुमेह असेल, तर पंप सुरू करतानाच एकदा प्रेशर मोजून घ्या आणि पुढे वर्षाला एकदा. मोजायला दोन मिनिटं लागतात. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. बाहुली मोठी करून मागचा पडदा आणि डोळ्याची नस बघितली पाहिजे.

सुनंदा_साखरपेठ

पंप २००चाच आहे. साखर तपासली, नॉर्मल आली. माझ्या आत्याला काचबिंदू होता हे मला आत्ता, तुमचं वाचून आठवलं. डॉक्टरांनी ‘घरात कुणाला आहे का’ विचारलं होतं, मी आईवडलांचा विचार करून नाही म्हटलं होतं. उद्याच फोन करून सांगते.

सिद्धेश्वर_पेठ

माफ करा, पण पंपाची सवय लागते हे सगळ्यांना माहीत आहे. पंढरपूर रोडला एक जण दम्याच्या पुड्या देतात. माझ्या मेहुण्याचा दमा तीन दिवसांत गेला. पंप फेकून दिला त्यानं. डोळ्याबिळ्याचा काही त्रास नाही.

नेत्रतंत्रज्ञ_१४वर्षे

दादा, मेहुण्याच्या काळजीनं सांगतो, राग मानू नका. पुडीवर औषधाचं नाव आहे का? तीन दिवसांत जुनाट दमा पळतो, भूक वाढते, चेहरा गोल होत जातो, अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली निघाल्याची प्रकरणं डॉक्टरांना नवी नाहीत. पोटात गेलेलं स्टिरॉइड सगळ्या अंगात फिरतं. पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीचा मिलिग्रॅममध्ये. प्रेडनिसोलोनची पाचची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे सरळ भागाकार करू नका, पण फरक केवढा आहे ते कळावं म्हणून सांगितलं. आणि मेहुण्यांनी पुड्याही एकदम बंद करायच्या नाहीत. बरेच दिवस घेतल्या असतील तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, एकदम तोडल्या तर माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन फिजिशियनकडे जायला सांगा. साखर, बीपी आणि डोळ्याचं प्रेशर तिन्ही बघून घ्या.

सिद्धेश्वर_पेठ

चेहरा गोल झालाय खरा. आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. बोलतो त्याच्याशी.

होटगीरोडची_लेक

माझा अनुभव वेगळा आहे, पण लिहिते, कारण आम्ही एक अख्खा दिवस मरणाच्या भीतीत काढला. आई ७१ वर्षांची, छातीचा जुना त्रास. फेब्रुवारीत घरीच नेब्युलायझरवर वाफ देत होतो, मास्क लावून. सकाळी चहा देताना मी तिच्याकडे बघितलं तर उजवी बाहुली मोठ्ठी आणि डावी बारीक. आई म्हणे उजव्यानं अंधुक दिसतंय, बाकी काही नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं की अशी एक बाहुली मोठी होणं म्हणजे मेंदूत रक्तस्राव. आम्ही रडत रडत तिला घेऊन पळालो. सीटी स्कॅन केला, काही निघालं नाही. मग डोळ्याच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फक्त विचारलं, वाफेत कोणतं औषध आणि मास्क कसा बसतो? मास्क उजवीकडून सैल होता. वाफ वर चढून थेट त्या डोळ्यात जात होती. औषधात इप्राट्रोपियम होतं, ते श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी करतं. त्यांनी बाहुली बारीक करायचा थेंब टाकून बघितला, बाहुली हलली नाही, त्यावरून हे औषधामुळेच झालंय अशी त्यांची खात्री झाली. दोन दिवसांत आपोआप पूर्ववत झाली.

आम्ही धावपळ केली ते बरोबरच केलं असं डॉक्टर म्हणाले. एक बाहुली अचानक मोठी दिसली तर घरात बसून अंदाज बांधायचा नाही. पण वाफ चालू आहे आणि त्यात काय आहे हे दारातच सांगा.

नेत्रतंत्रज्ञ_१४वर्षे

ताई, बरं झालं लिहिलंत. याच्यापुढचा प्रकार जास्त वाईट. काहींच्या डोळ्याचा पुढचा भाग मुळात अरुंद असतो, बहुतेक वयस्कर बायका आणि ज्यांचा प्लस नंबर असतो असे लोक. त्यांच्यात बाहुली अशी मोठी झाली की पाण्याची वाट एकदम बंद होते आणि काही तासांत प्रेशर ५०-६०वर जातं. डोळा लालबुंद, ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी, डोकं फुटायला येतं, उलट्या. उलट्यांमुळे लोक पित्त समजून पित्ताची गोळी देतात आणि रात्र वाया जाते. इप्राट्रोपियमबरोबर सालब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध असलं की हा धोका आणखी वाढतो, आणि दोन्ही बऱ्याचदा एकत्रच देतात.

उपाय सोपा आहे. जमत असेल त्यांनी मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरा, माउथपीस म्हणतात ती. मशीनच्या डब्यात बहुतेक वेळा ती असते, कुणी काढून बघत नाही. मास्कच लागत असेल तर नाकावर नीट दाबून बसवा, आणि वाफ झाल्यावर तोंड, डोळे ओल्या कपड्यानं पुसा. टायोट्रोपियमच्या (इप्राट्रोपियमच्याच जातीचं, ओढायचं औषध) कॅप्सूल घेणाऱ्यांनीही पावडरचा हात डोळ्याला लावायचा नाही, त्यानंही बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं.

निवृत्त_मास्तर

उलट बाजूचं मी सांगतो. मला काचबिंदू आहे, सहा वर्षं झाली. लहानपणी दमा होता, चाळीस वर्षांत त्रास नाही, त्यामुळे डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही. त्यांनी टायमोलॉलचे थेंब दिले. तिसऱ्या दिवसापासून रात्री छातीत घरघर. हवा बदलली असेल म्हणून आल्याचा काढा प्यायलो. आठव्या दिवशी जिना चढवेना. छातीच्या डॉक्टरांनी माझी सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली, तेव्हा ती एवढीशी बाटली सापडली. टायमोलॉल हा बीटा ब्लॉकर. डोळ्यात टाकलेला थेंब नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि श्वासनळ्या आवळतो. दमेकऱ्याला तो द्यायचाच नसतो. मला आता लॅटानोप्रोस्ट हे दुसऱ्या जातीचे थेंब देतात, रात्री एक थेंब. छातीचा त्रास थांबला, प्रेशरही ताब्यात आहे.

डॉक्टरांचा दोष म्हणणार नाही, त्यांनी ‘काही आजार आहे का’ विचारलं होतं. मी बीपी सांगितलं. कुणाला काचबिंदूचे थेंब लिहून मिळाले तर ‘मला दमा आहे’ किंवा ‘लहानपणी होता’ हे मोठ्यानं सांगा.

कुंभारी_घरकुल

सगळे मोठ्या माणसांचं बोलताय. माझा मुलगा ९ वर्षांचा. मी विड्या वळते, घरात तंबाखूची पूड असतेच, आता तंबाखू गॅलरीत ठेवते. त्याला दमा आहे, छोट्या डोसचा पंप नळकांड्यातून देते. आता हे वाचून पंप द्यायची भीती वाटायला लागली. त्याचे डोळे पण सारखे खाजतात, लाल होतात, उन्हाळ्यात तर चोळून चोळून सुजतात. त्याला मेडिकलवाल्यानं थेंब दिलेत, टाकले की लगेच उतरतं. दोन वर्षं झाली, खाजलं की टाकते.

नेत्रतंत्रज्ञ_१४वर्षे

ताई, पंप अजिबात बंद करू नका. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या हजारावर मुलांचा अभ्यास झाला, त्यातल्या काहींना ब्युडेसोनाइडचा पंप ४ ते ६ वर्षं दिला होता, तरी मोतीबिंदू वाढलेला दिसला नाही. नळकांडं वापरता ते फार चांगलं करताय. त्याला स्पेसर म्हणतात. त्यामुळे औषध घशाला कमी चिकटतं, पोटात कमी जातं आणि छातीत जास्त पोचतं. पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा, मास्क असेल तर तोंडही धुवा.

मला काळजी त्या थेंबांची वाटते. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून इथे टाका. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन यांतलं एखादं नाव आहे का बघा.

कुंभारी_घरकुल

थांबा, मोठ्या मुलीला वाचायला सांगते.

डेक्सामेथासोन लिहिलंय. बरोबर अजून एक मोठं नाव आहे, ते अँटिबायोटिक आहे म्हणे ती.

नेत्रतंत्रज्ञ_१४वर्षे

ताई, घाबरू नका, पण उशीर करू नका. पंपातलं स्टिरॉइड छातीत जातं, त्यातलं फार थोडं डोळ्यापर्यंत पोचतं. हे थेंब थेट डोळ्यातच पडतात. दम्याच्या मुलांना ही उन्हाळी खाज बऱ्याचदा असते, अॅलर्जी एकच. आपल्या कोरड्या, धुळीच्या हवेत तर फारच. थेंबानं लगेच बरं वाटतं म्हणून तीच बाटली परत परत आणली जाते आणि दहाबारा वर्षांच्या पोराची नस काचबिंदूनं सुकलेली आम्ही बघतो. पोरगं तक्रारही करत नाही. खाजेसाठी दुसरे, रोज टाकता येतील असे थेंब असतात. थंड पाण्याच्या घड्या ठेवा, चोळू देऊ नका. ते थेंब आजपासून टाकू नका आणि मुलाला डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. सिव्हिलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे.

मागवाला_अशोकचौक

वडलांना दाखवून आलो. मोतीबिंदू दोन्हीकडे, प्रेशर उजव्यात २६, डाव्यात २४. नस अजून चांगली आहे म्हणाले, थेंब दिलेत. मास्तरांचं वाचलं होतं म्हणून आधीच सांगितलं की दमा आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडून दुसरं लिहिलं. मास्तर, तुमचे उपकार.

छातीच्या डॉक्टरांनाही भेटलो. पंप बंद करायचा नाही म्हणाले. वडलांना पंप मारून दाखवायला लावला तर निम्मी फवारणी तोंडाबाहेर. पंधरा वर्षं असंच चाललं होतं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आत घेतानाच दाबायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. आता स्पेसर दिलाय. दोन महिने दमा शांत राहिला तर डोस कमी करून बघू म्हणाले.

सुनंदा_साखरपेठ

मास्तर, दादा, सगळ्यांचं वाचलं. माझं सांगायचं राहिलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बारा दिवस झाले. झोपून राहिलं की मला खोकला येतो, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पंप घेऊनच जायला सांगितलं होतं, आणि दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले. माझ्या बारा वर्षांत ते पहिल्यांदा बोलले असतील. ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यातही स्टिरॉइड असतं, पण ते ठरलेल्या दिवसांचं, कमी कमी करत आणायचं, आणि मध्ये प्रेशर मोजायचं. माझं काल १६ होतं. आत्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी यायला सांगितलंय.

काल दुपारी खिडकीपाशी बसून दोरा ओवला. लाल ब्लाउजला लाल दोरा लावला आहे असं मी समजत होते, तो तांबूस निघाला. आधीचे किती ब्लाउज असे गेले असतील कोण जाणे. दोन गिऱ्हाइकांना बोलावून हातशिलाई उसवून परत करून देतेय.

पंप चालू आहे. सकाळी दोन, रात्री एक. डॉक्टरांनीच कमी केलाय.

कुंभारी_घरकुल

सोमवारी नेतेय मुलाला. विड्यांचा माल रविवारीच देऊन टाकते. तिथे काय काय सांगायचं?

सुनंदा_साखरपेठ

ताई, तोंडी सांगायच्या भरवशावर राहू नका, मी तिथेच चुकले. पंप, नळकांडं आणि ती थेंबाची बाटली, तिन्ही पिशवीत घालून न्या. आधीच्या रिकाम्या बाटल्या घरात असतील तर त्याही घ्या, म्हणजे किती झाल्या ते त्यांना कळेल. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की त्याला चार-पाच तास उन्हाचा त्रास होईल, टोपी ठेवा जवळ. मी सोमवारी सकाळी तिकडेच असते, तपासणीला. वाटलं तर मला निरोप पाठवा, बरोबर बसू.